‘दिवस गेले’ आणि रक्तातील आकडा : गर्भधारणेच्या फलानुमानाविषयी

१

मराठीत गर्भधारणेसाठी जे शब्दप्रयोग रूढ आहेत, त्यांत ‘दिवस जाणे’ किंवा ‘दिवस राहणे’ हा सर्वांत घरगुती म्हणता येईल. या प्रयोगात गर्भाचा उल्लेख नाही, मातेच्या देहाचा नाही आणि अपत्याचा तर नाहीच. उल्लेख आहे तो केवळ दिवसांचा. हिंदीतील ‘पाँव भारी होना’ या प्रयोगात देहाचा जडपणा आहे. संस्कृतातील ‘दौहृद’ या शब्दात एका देहात नांदणाऱ्या दोन हृदयांची कल्पना आहे. सुश्रुताने ती चौथ्या महिन्याच्या संदर्भात मांडली असून आपले ‘डोहाळे’ तिच्याशीच नाते सांगतात. मराठी गृहिणीने मात्र गर्भावस्थेला नाव दिले ते मोजदादीवरून. पाळीचा दिवस उलटला, आणखी काही दिवस गेले, आणि त्या गेलेल्या दिवसांनाच अर्थ प्राप्त झाला.

अपत्यप्राप्तीसाठी उपचार घेतलेल्या स्त्रीच्या रक्तातील संप्रेरके मोजून तिच्या गर्भाचे पुढे काय होणार याचा अंदाज बांधण्याची जी पद्धत आज सर्वत्र प्रचलित आहे, तिचे मर्म या जुन्या शब्दप्रयोगात अनपेक्षितपणे सापडते. तेथेही आकड्याला जो अर्थ येतो, तो दिवसांमुळे येतो. प्रस्तुत लेखात या पद्धतीचे स्वरूप, तिचे सामर्थ्य आणि तिच्या मर्यादा साहित्याच्या अभ्यासकांना कळतील अशा रीतीने मांडण्याचा हेतू आहे. लेखक वैद्य नाही. तथापि एका भाषेतील विधान दुसऱ्या भाषेत जाताना त्याचे काय होते, हा त्याच्या अभ्यासाचा विषय आहे. आणि हा प्रश्न अखेर तेथेच येऊन पोहोचतो.

लेखनाचे निमित्त जबलपूरचे. नर्मदेच्या परिसरातील हे शहर अठराव्या शतकाच्या अखेरीस मराठी सत्तेखाली आले. पुढे १९५६ पर्यंत ते ज्या प्रांतात व राज्यात होते, त्याची राजधानी नागपूर होती. त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या तेथे राहिलेली मराठी कुटुंबे आजही भेटतात. ती बाजारात व कचेरीत हिंदी बोलतात आणि उंबरठ्याच्या आत मराठी. अभ्यासानिमित्त तेथे काही महिने राहणे झाले असता अशाच एका कुटुंबाशी घरोबा जमला. घरातील सुनेने बाह्य फलनाचा उपचार घेतला होता. भ्रूण गर्भाशयात सोडल्याला चौदा दिवस झाले होते आणि त्या दिवशीच्या रक्ततपासणीचा कागद घरी आला होता. त्यावर एका संप्रेरकाचे नाव होते व त्यापुढे आकडा होता : ८६.

कागद इंग्रजीत होता. डॉक्टरांनी तो हिंदीत समजावून सांगितला होता. सासूबाईंसाठी मुलाने त्याचे मराठी केले होते. कागदावर केवळ आकडा आणि एकक होते. हिंदीत त्याचे ‘संभावना अच्छी है’ असे झाले. आणि मराठीत येईपर्यंत ‘राहिलं’ एवढेच उरले होते. तीन भाषांच्या तीन पायऱ्यांवर एका शक्यतेची वस्तुस्थिती झाली होती. सासूबाईंनी कागद माझ्यापुढे धरून विचारले, “सर, तुम्ही इंग्रजी वाचता. एवढंच सांगा, दिवस गेलेत ना?” या प्रश्नाला ‘हो’ किंवा ‘नाही’ असे उत्तर त्या कागदात नव्हते. ते का नव्हते, हे पाहू.

२

‘हार्मोन’ हा शब्द अर्नेस्ट स्टार्लिंग या इंग्रज शरीरशास्त्रज्ञाने १९०५ मध्ये रूढ केला. मूळ ग्रीक धातूचा अर्थ चालना देणे, प्रवृत्त करणे असा आहे. मराठी परिभाषेतील ‘संप्रेरक’ हा शब्द हाच अर्थ नेमकेपणाने व्यक्त करतो. शरीराच्या एका भागात निर्माण होऊन रक्तावाटे दुसऱ्या भागात जाणारे आणि तेथे कार्य घडवून आणणारे हे द्रव्य म्हणजे एक प्रकारचा निरोप होय.

प्रस्तुत विषयाशी ज्याचा सर्वाधिक संबंध आहे त्या संप्रेरकाचे इंग्रजी नाव ‘ह्यूमन कोरिऑनिक गोनॅडोट्रोपिन’, संक्षेपाने ‘एचसीजी’. नावाची फोड केल्यास ‘मानवी जरायूपासून निघणारे, जननग्रंथींचे पोषण करणारे द्रव्य’ असा अर्थ निघतो. गर्भ रुजू लागला की त्याच्या बाह्य आवरणातील ज्या पेशींपासून पुढे वार तयार होते, त्या पेशी हे द्रव्य मातेच्या रक्तात सोडू लागतात. बीज अंडाशयातून सुटल्यावर साधारणतः सहा ते दहा दिवसांनी हे रुजणे घडते.

या निरोपाचे प्रयोजन लक्षात घेण्यासारखे आहे. अंडाशयात जेथून बीज सुटले, तेथे एक पिवळसर पिंड तयार होतो. हा पीतपिंड प्रोजेस्टेरॉन नावाचे दुसरे संप्रेरक निर्माण करतो आणि त्यामुळे गर्भाशयाचे अस्तर टिकून राहते. गर्भ राहिला नाही तर सुमारे दोन आठवड्यांत पीतपिंड सुकतो, अस्तर गळते आणि पाळी येते. गर्भ राहिला असेल तर एचसीजी त्या पिंडाला सुकू देत नाही. ‘मी आलो आहे, अस्तर मोडू नका’ असा हा निरोप गर्भाच्या बाजूने मातेच्या देहाला पोहोचतो असे म्हटले, तर शास्त्राशी फारशी प्रतारणा होणार नाही. पुढे काही आठवड्यांनी वार स्वतःच पुरेसे प्रोजेस्टेरॉन निर्माण करू लागते आणि पीतपिंडाची गरज संपते.

३

हा निरोप वाचण्याचे प्रयत्न जुने आहेत. प्राचीन इजिप्तमधील एका वैद्यकीय पपायरसात स्त्रीचे मूत्र गहू व जव यांवर घालून त्यांना अंकुर फुटतात का ते पाहण्याची रीत नोंदलेली आहे. आधुनिक परीक्षा बर्लिन येथे सेल्मार आश्हाइम आणि बर्नहार्ड त्सोंडेक यांनी १९२७-२८ च्या सुमारास सिद्ध केली. वयात न आलेल्या उंदरीच्या शरीरात स्त्रीचे मूत्र टोचावयाचे आणि काही दिवसांनी तिची अंडाशये तपासावयाची, अशी ती पद्धत होती. उत्तर मिळे ते ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढेच, आणि तेही उंदरीच्या प्राणाचे मोल देऊन.

रक्तातील अत्यल्प द्रव्य मोजण्याची शक्यता निर्माण झाली ती रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी १९५९-६० च्या सुमारास मांडलेल्या किरणोत्सारी प्रतिरक्षामापन पद्धतीमुळे. यॅलो यांना याच कार्यासाठी १९७७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. एचसीजीच्या बाबतीत मात्र एक अडचण होती. हे द्रव्य दोन घटकांचे बनलेले असून त्यांतील ‘आल्फा’ घटक इतर तीन संप्रेरकांतही असतो. त्यामुळे मापनात भलत्याच द्रव्याची गणना होण्याचा संभव असे. १९७२ मध्ये ज्युडिथ वैतुकैटिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केवळ ‘बीटा’ घटक ओळखणारी चाचणी सिद्ध केली आणि ही अडचण दूर झाली. तपासणीच्या कागदावर आज ‘बीटा एचसीजी’ असे लिहिलेले असते ते यामुळेच. याच बीटा घटकाच्या आधारे दिल्लीत गुरसरन प्रसाद तलवार यांनी १९७० च्या दशकापासून गर्भप्रतिबंधक लशीवर संशोधन केले. जो निरोप वाचून गर्भाची चाहूल घ्यावयाची, तोच अडवून गर्भ राहू द्यावयाचा नाही, असा तो उलटा प्रयत्न होता.

याच काळात भारतात बाह्य फलनाचा इतिहासही घडत होता. इंग्लंडमध्ये २५ जुलै १९७८ रोजी अशा उपचाराने पहिले मूल जन्मले. त्याच वर्षी ३ ऑक्टोबर रोजी कलकत्त्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नांतून एक मुलगी जन्मली. त्यांनी एडिंबरो येथे संप्रेरकविज्ञानात संशोधन केले होते. अंडाशयाला संप्रेरकांनी चालना देणे आणि गोठवून ठेवलेला भ्रूण नंतरच्या पाळीचक्रात गर्भाशयात सोडणे हे त्यांच्या पद्धतीचे विशेष होते. पण त्यांच्या दाव्यावर विश्वास ठेवला गेला नाही आणि १९८१ मध्ये त्यांनी जीवनाचा अंत केला. मुंबईत ६ ऑगस्ट १९८६ रोजी केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नांनी जे मूल जन्मले, ते शास्त्रीय कागदपत्रांसह नोंदले गेलेले भारतातील पहिले मूल मानले गेले. परळच्या प्रजननविषयक संशोधन संस्थेचे डॉ. टी. सी. आनंदकुमार या कार्यात सहभागी होते. विशेष हे की, मुखोपाध्याय यांची टिपणे वाचून पहिलेपणाचा मान त्यांचाच आहे असे १९९७ मध्ये जाहीरपणे मांडणारेही आनंदकुमारच होते. स्वतःच्या नावावर असलेला मान दुसऱ्याच्या कागदपत्रांच्या आधारे सोडून देण्याचे हे उदाहरण भारतीय विज्ञानाच्या इतिहासात विरळाच म्हणावे लागेल.

४

आता मूळ प्रश्नाकडे वळू. आकडा वाचावयाचा कसा?

दर मिलिलिटर रक्तात किती मिलि-आंतरराष्ट्रीय एकके, या मापात तो दिलेला असतो. पाचपेक्षा कमी आकडा म्हणजे गर्भधारणा नाही, पंचवीसच्या वर असल्यास आहे, आणि मधला पट्टा संदिग्ध, असा सर्वसाधारण संकेत आहे. पण ‘आहे’ म्हणजे या क्षणी रक्तात निरोप पोहोचतो आहे, एवढेच. तो पुढेही पोहोचत राहील का, हे या एका आकड्याने ठरत नाही.

पहिली अट दिवसाची. तोच आकडा बाराव्या दिवशी आशादायक असू शकतो आणि सोळाव्या दिवशी चिंताजनक. शिवाय मोजणी कोठून करावयाची हेही महत्त्वाचे आहे. काही वेळा भ्रूण तीन दिवसांचा असताना गर्भाशयात सोडतात, काही वेळा पाच दिवसांचा. म्हणजे ‘सोडल्यापासून चौदावा दिवस’ या एकाच शब्दसंहतीत गर्भाची दोन वेगवेगळी वये दडलेली असतात. प्रयोगशाळांच्या मापनपद्धतीही सर्वत्र सारख्या नसतात. म्हणून पहिली व दुसरी तपासणी शक्यतो एकाच प्रयोगशाळेत करावी असे सांगतात.

उपचार घेतलेल्या स्त्रीच्या बाबतीत आणखी एक सावधगिरी बाळगावी लागते. बीज पक्व होऊन सुटावे म्हणून जे इंजेक्शन देतात, त्यात पुष्कळदा हेच एचसीजी असते. त्याचा अंश दहा ते चौदा दिवसांपर्यंत रक्तात राहू शकतो. घाईने तपासणी केली तर कागदावर जो निरोप उमटतो तो गर्भाचा नसून औषधाचा असण्याचा संभव असतो.

दुसरी अट वाढीची. सुरुवातीच्या आठवड्यांत हे संप्रेरक साधारणतः दोन ते तीन दिवसांत दुप्पट होते. समजा, एका स्त्रीचा आकडा चौदाव्या दिवशी २४० आणि सोळाव्या दिवशी २९० आहे. दुसरीचा त्याच दिवशी ७० आणि १६०. पहिला कागद पाहून पहिल्या घरात आनंद होईल आणि दुसऱ्या घरात काळजी. दुसरा कागद आल्यावर चित्र उलटते. पहिलीची वाढ दोन दिवसांत सुमारे २१ टक्के, दुसरीची सुमारे १२९ टक्के. मोठा आकडा मंद होत चालला आहे आणि लहान आकडा जोमाने वाढतो आहे. दिवसांवाचून आकडा मुका असतो, हे येथे स्पष्ट होते.

अर्थात ‘दुप्पट व्हायलाच हवे’ हा नियमही कठोर नाही. दोन दिवसांत किमान किती वाढ हवी, याविषयीचे शास्त्राचे मत चार दशकांत उत्तरोत्तर उदार होत गेले. १९८१ मध्ये थोड्याच स्त्रियांच्या निरीक्षणावरून ६६ टक्के ही सीमा सांगितली गेली. २००४ मध्ये मोठ्या अभ्यासाने ती ५३ टक्क्यांवर आणली. २०१६ मध्ये असे दिसले की, ही सीमा आरंभीच्या पातळीवर अवलंबून असते : आकडा १५०० च्या आत असल्यास ४९ टक्के, १५०० ते ३००० या दरम्यान ४० टक्के, आणि त्याहून अधिक असल्यास ३३ टक्के. सीमा खाली येण्यामागे केवळ गणिताचा आग्रह नव्हता. जुन्या सीमेचे अक्षरशः पालन केल्यास मंद गतीने वाढणारा पण निकोप गर्भ टिकणार नाही असे समजून हस्तक्षेप होण्याची भीती होती. येथे आकडेवारीतील बदल हा नैतिक बदलही आहे. आणि पहिल्या दोन-अडीच महिन्यांनंतर हे संप्रेरक शिखर गाठून निसर्गतःच उतरू लागते. त्या काळात वाढ शोधणे व्यर्थच.

मंद वाढीचे अर्थ मात्र एकाहून अधिक असतात. गर्भ रुजून लगेच निसटत असेल. गर्भाशयाबाहेर, बहुधा बीजवाहिनीत, रुजला असेल. किंवा निकोप असून सावकाश वाढत असेल. यांतील दुसरी शक्यता मातेच्या जिवाशी संबंधित असल्याने ती दुर्लक्षून चालत नाही. उलटपक्षी फार मोठा आकडा जुळ्यांचा सूचक असू शकतो. या पर्यायांतून निवड करणे रक्ताला साधत नाही. त्यासाठी काही दिवस थांबून सोनोग्राफीत गर्भपिशवी कोठे आहे ते पाहावे लागते आणि सहाव्या-सातव्या आठवड्यात हृदयाचे स्पंदन दिसते का याची वाट पाहावी लागते. ते दिसले की रक्तातील आकड्याचे महत्त्व बरेचसे संपते.

५

इतर संप्रेरकांविषयी थोडक्यात सांगता येईल. प्रोजेस्टेरॉनच्या नावातच ‘गर्भधारणेस अनुकूल’ हा अर्थ आहे. नैसर्गिक गर्भधारणेत त्याची पातळी फारच खाली असणे हे प्रतिकूल लक्षण मानतात. उपचारानंतर मात्र हे वाचन गुंतागुंतीचे होते. अंडाशयाला चालना दिल्यामुळे एकाऐवजी अनेक पीतपिंड तयार झालेले असतात आणि ते रक्तातील पातळी वाढवतात. शिवाय हे संप्रेरक औषध म्हणूनही दिलेले असते. ते योनिमार्गे दिल्यास गर्भाशयात भरपूर पोहोचते, पण रक्तात त्या मानाने कमी दिसते. म्हणजे रक्त एक सांगते आणि गर्भाशयातील स्थिती वेगळी असते. अँटी-म्यूलेरियन हार्मोन, संक्षेपाने ‘एएमएच’, हे उपचारापूर्वी मोजतात. त्यावरून अंडाशयात बीजांचा साठा किती आहे आणि औषधांना प्रतिसाद कसा मिळेल, याचा चांगला अंदाज येतो. मूल होईल की नाही, हे त्यावरून खात्रीने सांगता येत नाही. बीजांची संख्या आणि बीजांचा कस या भिन्न गोष्टी आहेत, आणि कसावर स्त्रीच्या वयाचा प्रभाव मोठा असतो.

६

भारतीय वैद्यकाला फलानुमानाची परंपरा नवी नाही. रोग साध्य, कष्टसाध्य, याप्य की असाध्य, याचा विचार चिकित्सेच्या आधी करावा असा तेथे दंडक आहे. चरकसंहितेच्या इंद्रियस्थानात आसन्न मृत्यूच्या चिन्हांचा, म्हणजे अरिष्टांचा, विचार आला असून तेथील एक उपमा प्रस्तुत विषयावर विलक्षण प्रकाश टाकते. फूल हे होऊ घातलेल्या फळाचे पूर्वरूप, तसे अरिष्ट हे मृत्यूचे, असे सांगून संहिताकार लगेच भेदही दाखवतात. काही फुलांमागून फळ येत नाही आणि काही फळे फुलावाचून येतात. परंतु अरिष्ट उमटल्यावर मृत्यू टळत नाही. दोन प्रकारच्या चिन्हांमधील हा भेद होय. एक चिन्ह निश्चयाचे, दुसरे संभवाचे.

रक्तातील आकडा फुलाच्या जातीचा आहे, अरिष्टाच्या नव्हे. संख्याशास्त्राच्या भाषेत हे असे मांडता येईल. समजा, अमुक दिवशी अमुक आकडा ही रेषा ठरवली आणि तिच्या वर शंभर व खाली शंभर स्त्रिया आल्या. वरच्यांपैकी ८० जणींना मूल झाले आणि खालच्यांपैकी ३५ जणींना. (हे आकडे केवळ समजुतीसाठी कल्पिले आहेत.) चिकित्सकाच्या दृष्टीने रेषा उपयुक्त ठरली, दोन गटांतील अंतर खरे आहे आणि पुढील तपासण्या कोणाच्या, किती तातडीने करावयाच्या हे त्यावरून ठरते. पण रेषेच्या वर असूनही २० घरे रिकामी राहिली, आणि खाली असूनही ३५ घरांत पाळणा हलला. कागद हातात घेतलेली स्त्री या शंभरांपैकी कोणती, हे रेषेला ठाऊक नसते. गटाविषयीचे विधान व्यक्तीविषयीचे भाकीत म्हणून वाचणे ही येथील मूलभूत चूक आहे, आणि ती बहुधा भाषांतरात घडते. ‘पॉझिटिव्ह’चे ‘राहिलं’ होते. ‘कमी आहे’चे ‘गेलं’ होते. मधला सगळा प्रदेश निःशब्द राहतो.

मराठीत या प्रदेशासाठी शब्द नाहीत असे नाही. शेतकरी पेरणीनंतर ‘उगवण झाली’ म्हणतो, ‘पीक आलं’ म्हणत नाही. आंब्याला मोहोर आला म्हणून कोणी आढीची तयारी करीत नाही. मोहोर गळतो, हे सर्वांना माहीत असते. संभवाचे व्याकरण आपल्या भाषेत आहे. ते वैद्यकाच्या कागदाला लावण्याची सवय मात्र अद्याप झालेली नाही.

७

जबलपूरच्या त्या घरी मी एवढेच सांगितले, “आई, मोहोर आला आहे. परवा पुन्हा पाहू.” त्यांना ते पटकन समजले. पेढे आणण्याचा बेत परवापर्यंत लांबला.

परवाचा आकडा ९८ होता. त्यानंतरचा ४१. पुढच्या तपासणीच्या कागदावर जो निष्कर्ष लिहिला होता, त्याचे शब्दशः मराठी ‘जीवरासायनिक गर्भधारणा’ असे होईल. गर्भ रुजला, त्याने निरोप पाठवला, पण सोनोग्राफीत दिसण्याइतका तो राहिला नाही, असा त्याचा अर्थ. संप्रेरकाचे मापन इतके सूक्ष्म नसते, तर ही घटना कोणाला कळलीही नसती. थोडी उशिरा आलेली पाळी, एवढीच तिची नोंद झाली असती. मापनाने एक नवे ज्ञान दिले आणि त्याबरोबर एक नवे दुःखही. त्या दुःखाला जुन्या भाषेत नाव नाही, म्हणून ते नाकारले जाते. शेजारच्या बाई समजुतीच्या स्वरात म्हणाल्या, “अगं, मुळात काही नव्हतंच ते.” सून काही बोलली नाही.

संध्याकाळी सासूबाईंनी मला पुन्हा विचारले, “मग दिवस गेले होते, की नव्हते?”

या वेळी उत्तर देता आले. मी म्हटले, “गेले होते, आई. थोडे होते, पण होते.” त्या उठून आत गेल्या आणि सुनेजवळ बसल्या. बाळंतपणाची नव्हे, पण विश्रांतीची व्यवस्था त्यांनी त्या आठवड्यात केली, आणि तिला कोणी कामाला हात लावू दिला नाही.

संप्रेरकाचा आकडा भविष्य सांगत नाही. तो आजचा निरोप आजच्या तारखेने वाचून दाखवतो, आणि पुढच्या निरोपाची वाट पाहण्यास सांगतो. ज्या भाषेने गर्भावस्थेला दिवसांचे नाव दिले, तिला ही गोष्ट परकी वाटण्याचे कारण नाही. भाषांतरकाराचे काम इतकेच की, कागदावरील शक्यता घरात पोहोचताना तिची खात्री होऊ देऊ नये, आणि जे थोडे दिवस खरोखरच गेले, ते गेलेच नाहीत असेही होऊ देऊ नये.